टकलावरची गोळी खरंच काम करते. मग युरोपने तिच्यासोबत इशाऱ्याचं कार्ड द्यायला का सांगितलं?

माझा मावसभाऊ २४ वर्षांचा आहे. हिंजवडीत नोकरी, वाकडला तिघांत मिळून फ्लॅट. दिवाळीत घरी आला होता. पहाटे डोक्याला तेल लावताना मावशी म्हणाली, "अरे, भोवऱ्यापाशी एवढी जागा कधी झाली?" सगळे हसले, तोही हसला. त्याच रात्री दीड वाजता त्याने मोबाईलवर केसांची एक 'टेस्ट' भरली.

टेस्टमध्ये प्रश्न बरेच होते. वडिलांना टक्कल आहे का, कोंडा होतो का, पोट साफ होतं का, झोप किती. डोक्याचे दोन फोटो अपलोड केले. दुसऱ्या दिवशी एका 'हेअर कोच'चा चार मिनिटांचा फोन आला आणि तिसऱ्या दिवशी दारात किट. त्यात शॅम्पू, एक सिरम, बायोटिनच्या गमीज आणि गोळ्यांची एक पट्टी. पट्टीवर लाल रेघ आणि नाव: फिनास्टराईड, १ मिलिग्रॅम. व्हॉट्सअ‍ॅपवर प्रिस्क्रिप्शनची पीडीएफही आली, ज्या डॉक्टरांशी तो एक शब्दही बोलला नव्हता त्यांच्या सहीची.

अडीच महिन्यांनी त्याचा मेसेज आला. "ताई, तू बातम्यांमध्ये आहेस ना, हे खरं आहे का बघ." सोबत एक लिंक होती. युरोपच्या औषध नियामकांनी याच गोळीबद्दल घेतलेल्या निर्णयाची.

निर्णय मे २०२५ मधला आहे. युरोपियन मेडिसिन्स एजन्सीच्या सुरक्षा समितीने जाहीर केलं की आत्महत्येचे विचार येणं हा फिनास्टराईडच्या १ आणि ५ मिलिग्रॅमच्या गोळ्यांचा साईड इफेक्ट आहे. 'असू शकतो' अशी शंका बरीच वर्षं होती, आता तिच्यावर शिक्का बसला. केसांसाठीच्या १ मिलिग्रॅमच्या पाकिटात रुग्णासाठी एक कार्ड ठेवायचं, मन उदास राहू लागलं किंवा तसले विचार आले तर गोळी थांबवून डॉक्टरांकडे जा असं त्यावर लिहायचं, हेही ठरलं. मात्र त्याच समितीने आणखी एक गोष्ट सांगितली, जी व्हायरल पोस्टमध्ये हमखास गळून पडते. ज्यासाठी हे औषध मंजूर आहे त्यासाठी त्याचे फायदे धोक्यांपेक्षा अजूनही जास्त आहेत. औषधावर बंदी नाही.

म्हणजे 'विष आहे' म्हणणारे रील आणि 'काही होत नाही रे, घे बिनधास्त' म्हणणारे रील, दोन्ही अर्धवट. खरा प्रश्न वेगळा आहे आणि तो आपल्याकडे जास्त टोचणारा आहे. त्याच्याकडे येऊच, पण आधी ही गोळी आली कुठून ते बघू, कारण ती गोष्ट भन्नाट आहे.

गोष्ट कॅरेबियन समुद्रातल्या एका गावाची

त्याआधी एक खुलासा. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यात काही गावांत लोकांचे केस तीन-चार दिवसांत गळून टक्कल पडायला लागलं होतं, आठवतंय? त्यात बायका होत्या, लहान मुलंही होती. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं होतं. तो प्रकार वेगळा. गोल चट्टा पडतो, ज्याला आपण चाई म्हणतो, तोही वेगळा. इथे विषय आहे पुरुषी टक्कल पडण्याचा: कपाळ दोन्ही कोपऱ्यांतून मागे सरकत जातं, भोवरा विरळ होतो आणि शेवटी मागे कानाच्या रेषेत झालर तेवढी उरते.

याचा संबंध पुरुषी हार्मोनशी आहे हे १९४२ मध्ये जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शास्त्रज्ञाने दाखवलं. वयात येण्याआधीच ज्यांचे वृषण काढले गेले होते अशा पुरुषांना टक्कल पडत नाही, हे त्याने पाहिलं. त्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं की घराण्यात टक्कल असणाऱ्यांचे केस जाऊ लागत. पण टकलावर उपाय म्हणून कोणी वृषण काढून घेणार नाही, त्यामुळे ही माहिती तशीच पडून राहिली.

पुढचा धागा सापडला डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये. तिथल्या सालिनास नावाच्या गावात काही मुलं जन्मतः मुलींसारखी दिसत, मुली म्हणूनच वाढवली जात आणि बाराव्या-तेराव्या वर्षी त्यांचं शरीर पुरुषाचं होऊ लागे. गावाला त्याचं फार नवल नव्हतं, अशा मुलांसाठी स्थानिक बोलीत शब्दसुद्धा होता. कॉर्नेल विद्यापीठाच्या ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली यांनी त्यांचा अभ्यास केला आणि १९७४ मध्ये 'सायन्स'मध्ये तो छापून आला. या मुलांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित होतं. कमतरता होती ती एका एन्झाइमची, ५-अल्फा रिडक्टेजची. हे एन्झाइम टेस्टोस्टेरॉनचं रूपांतर जास्त ताकदवान अशा डीएचटी हार्मोनमध्ये करतं. गर्भात डीएचटी पुरेसं न मिळाल्याने मुलाचे बाह्य अवयव नीट घडत नव्हते.

आता मजा बघा. हे लोक मोठे झाल्यावर त्यांची प्रोस्टेट ग्रंथी लहानच राहत होती. आणि त्यांना टक्कल पडत नव्हतं.

मर्क या औषध कंपनीच्या संशोधन विभागाचे तेव्हाचे प्रमुख रॉय व्हॅगेलोस यांच्या वाचनात हे आलं. निसर्गाने काही माणसांत जे एन्झाइम बंद ठेवलंय तेच गोळीने बंद केलं तर? त्यातून फिनास्टराईड जन्माला आलं. १९९२ मध्ये अमेरिकेत ५ मिलिग्रॅमची गोळी मंजूर झाली, ती म्हाताऱ्या माणसांच्या वाढलेल्या प्रोस्टेटसाठी. डिसेंबर १९९७ मध्ये त्याच औषधाची १ मिलिग्रॅमची गोळी आली, केसांसाठी. डोनाल्ड ट्रम्प ही गोळी घेतात असं त्यांच्या डॉक्टरांनीच २०१७ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ला सांगून टाकलं होतं. (पेशंटची गुपितं अशी फोडणारा डॉक्टर कोणालाही न मिळो.)

ही जन्मकथा एवढ्यासाठी सांगितली की या गोळीचं काम तेलासारखं वरवरचं नाही हे लक्षात यावं. जास्वंद, माका, वडाच्या पारंब्या यांच्या रांगेत तिला बसवता येत नाही. ती हार्मोनच्या कारभारात हात घालते. रक्तातलं डीएचटी सुमारे ७० टक्क्यांनी खाली आणते.

मग काम करते का?

करते. आणि चांगलं करते. कंपनीच्या मूळ चाचण्यांत १८ ते ४१ वयाचे दीड हजारांहून जास्त पुरुष होते. त्यातल्या काहींवर पाच वर्षं लक्ष ठेवलं गेलं. कोण कुठली गोळी घेतंय हे माहीत नसलेल्या तज्ज्ञांनी आधीचे आणि नंतरचे फोटो ताडून पाहिले. फिनास्टराईड घेणाऱ्यांपैकी ४८ टक्के जणांचे केस वाढलेले दिसले, ४२ टक्के होते तिथेच राहिले आणि १० टक्क्यांचे आणखी गेले. ज्यांना औषध नसलेली नुसती गोळी मिळत होती त्यांच्यापैकी ७५ टक्क्यांचे केस पाच वर्षांत आणखी विरळ झाले.

हे आकडे नीट वाचले तर दोन गोष्टी कळतात. एक, ही गोळी आहे ते राखण्यात पटाईत आहे, गेलेलं परत आणण्यात बेताची. तुळतुळीत झालेल्या जागी जंगल उगवत नाही. दोन, परिणाम दिसायला निदान तीन महिने लागतात आणि गोळी बंद केली की वर्षभरात मिळवलेलं परत जातं. म्हणजे चोविसाव्या वर्षी सुरू केली तर हिशोब महिन्यांचा नाही, दशकांचा आहे. एखादं औषध इतकी वर्षं घ्यायचं असेल तर त्याचा अगदी दुर्मिळ साईड इफेक्टसुद्धा माहीत असायला हवा.

दुसरं औषध मिनॉक्सिडिल, जे डोक्याला लावतात. ते मुळात रक्तदाबाची गोळी म्हणून १९७९ मध्ये आलं. रुग्णांच्या अंगावर भलतीकडेच केस उगवायला लागले तेव्हा कंपनीला टकलाची आठवण झाली, १९८८ मध्ये अमेरिकेत ते लावायचं औषध म्हणून मंजूर झालं. त्याचा डीएचटीशी संबंध नाही. लावायला सुरुवात केली की पहिले काही आठवडे उलट जास्त केस गळतात आणि निम्मे लोक तिथेच घाबरून बाटली फेकतात. घरात मांजर असेल तर एक सांगून ठेवते: मिनॉक्सिडिल मांजरांसाठी विषारी आहे. ते लावून उशीवर डोकं ठेवायचं आणि त्याच उशीवर मांजर झोपवायचं, असं करू नका.

साईड इफेक्टचं नेमकं काय?

सगळ्यात जास्त बोललं जातं ते लैंगिक तक्रारींबद्दल. इच्छा कमी होणं, ताठरता कमी होणं, वीर्य कमी होणं. मूळ चाचण्यांत पहिल्या वर्षी गोळी घेणाऱ्यांपैकी ३.८ टक्के जणांनी अशा तक्रारी सांगितल्या. नुसती गोळी मिळालेल्यांत हे प्रमाण २.१ टक्के होतं. फरक आहे, पण डोंगराएवढा नाही. बहुतेकांना गोळी थांबवल्यावर बरं वाटलं.

'बहुतेकांना' या शब्दातच पुढची सगळी भांडणं आहेत. गोळी सोडूनही तक्रारी गेल्या नाहीत असं सांगणारे लोक जगभर आहेत आणि २०१२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने तसा उल्लेख औषधाच्या माहितीपत्रकात घालायला लावला. (ही अमेरिकेची एफडीए. आपल्या महाराष्ट्रातलं अन्न व औषध प्रशासनही त्याच नावाने ओळखलं जातं, म्हणून गोंधळ नको.) २०२२ मध्ये त्याच पत्रकात आत्महत्येचे विचार आणि कृती यांचीही नोंद आली. त्याआधी २०२१ मध्ये रॉयटर्सने कोर्टातल्या कागदपत्रांच्या आधारे बातमी दिली होती की नैराश्याच्या दोनशेहून जास्त तक्रारी २००९ पर्यंतच कंपनीकडे पोचल्या होत्या.

पण हे इतकं सरळ नाही, आणि इथे घाई केली तर आपणही त्या रीलवाल्यांसारखेच.

इटलीतल्या डॉक्टरांनी २००७ मध्ये एक प्रयोग छापला. प्रोस्टेटसाठी फिनास्टराईड घेणाऱ्या १२० पुरुषांचे दोन गट केले. एका गटाला लैंगिक साईड इफेक्टबद्दल सांगितलं, दुसऱ्याला नाही. गोळी दोघांना एकच. सांगितलेल्या गटात ४३.६ टक्क्यांना त्रास झाला, न सांगितलेल्या गटात १५.३ टक्क्यांना. याला नोसिबो म्हणतात: होईल होईल म्हणता म्हणता होणं. म्हणजे हा लेख वाचूनसुद्धा कोणाला तरी उद्यापासून काहीतरी 'जाणवायला' लागेल. मग सांगूच नये का? मला ते पटत नाही. नोसिबोमुळे झालेला त्रासही खराच असतो, आणि ज्याला काहीच सांगितलेलं नाही त्याला खरा त्रास सुरू झाल्यावर तो ओळखताही येत नाही.

मनाच्या तक्रारींचंही असंच आहे. 'जामा डर्मेटॉलॉजी'मध्ये २०२० साली आलेल्या अभ्यासात जगभरातून जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदसंग्रहात आलेल्या तक्रारी तपासल्या होत्या. आत्महत्येच्या विचारांचा संकेत तिथे दिसला तो मुख्यतः ४५ पर्यंतच्या वयाच्या, केसांसाठी गोळी घेणाऱ्यांत. प्रोस्टेटसाठी पाचपट डोस घेणाऱ्या म्हाताऱ्यांत नाही. हे विचित्र आहे. औषधच दोषी असेल तर मोठ्या डोसवाल्यांना जास्त त्रास व्हायला हवा. तरुणांचा मेंदू वेगळा असतो म्हणून? इंटरनेटवर वाचून तक्रारी जास्त नोंदवल्या गेल्या म्हणून? की विशीत केस जाण्याचंच दुःख एवढं मोठं असतं म्हणून? थोडंथोडं सगळंच असू शकतं. हे एन्झाइम मेंदूतही असतं आणि मन शांत ठेवणारी काही रसायनं त्याच्याच मदतीने बनतात, त्यामुळे संशयाला शास्त्रीय पाया आहे.

युरोपच्या समितीसमोर आत्महत्येच्या विचारांच्या ३१३ नोंदी फिनास्टराईडच्या होत्या, बहुतेक १ मिलिग्रॅम घेणाऱ्यांच्या. त्यासमोर औषधाचा वापर किती? सुमारे २७ कोटी 'रुग्ण-वर्षं', म्हणजे एका माणसाने एक वर्ष घेतलं तर एक, असा हिशोब. त्या मानाने नोंदी मूठभर. पण असल्या नोंदी आपणहून कळवलेल्या असतात. उदास वाटतंय म्हणून केसांच्या गोळीबद्दल तक्रार करायला कोण जातं? म्हणून समितीने प्रमाण 'ठाऊक नाही' असंच लिहिलं. दुर्मिळ पण गंभीर, आणि वेळेत ओळखला तर गोळी थांबवता येते असा धोका. मला कार्डाचं तर्कशास्त्र इथे पटतं.

आता आपल्याकडचं

फिनास्टराईड भारतात शेड्यूल एचमध्ये आहे. म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही. मेडिकलमध्ये हे किती पाळलं जातं ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. नाव सांगा, पट्टी मिळते. चिठ्ठी विचारलीच तर 'फोनमध्ये आहे' म्हटलं तरी चालतं.

ऑनलाईनचा प्रकार जास्त गमतीशीर आहे, कारण तिथे चिठ्ठी असते. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने टेलिमेडिसिनचे नियम आणले. त्यात स्पष्ट आहे की ॲप किंवा एआय पेशंटला सल्ला देऊ शकत नाही, औषध लिहू शकत नाही. ते काम डॉक्टरांचंच. किरकोळ यादीबाहेरची बरीच औषधं पहिल्यांदा लिहायची तर व्हिडिओवर पेशंट बघायचा, असंही आहे. माझ्या भावाच्या बाबतीत व्हिडिओ नव्हता. सही होती.

मी त्याला विचारलं, त्या टेस्टमध्ये किंवा फोनवर कोणी विचारलं का, आधी कधी डिप्रेशन होतं का? घरात कोणाला? झोप किती हे विचारलं होतं, म्हणाला. मन कसं आहे हे नाही. मावशीला दोन वर्षांपूर्वी गोळ्या सुरू होत्या हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. त्या फॉर्ममध्ये त्यासाठी रकानाच नव्हता.

तर टोचणारा प्रश्न हा. युरोपने पाकिटात कार्ड घातलं, पण त्यामागे गृहीत धरलंय की कोणीतरी डॉक्टर समोर बसून हे औषध देतोय आणि तीन महिन्यांनी पुन्हा भेटणार आहे. आपल्याकडे तो माणूसच साखळीतून निघून गेलाय आणि त्याच्या जागी पीडीएफ आली आहे. मग इशारा वाचणार कोण आणि वाचून विचारणार कोणाला?

'लावायचं फिनास्टराईड सेफ असतं' हा आणखी एक लाडका समज. आपल्याकडे मिनॉक्सिडिल आणि फिनास्टराईड एकत्र असलेली बाटली सर्रास मिळते. लावलं तरी थोडं औषध रक्तात जातंच. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने तिथे फार्मसीत बनवून विकल्या जाणाऱ्या अशा लावायच्या औषधांबद्दल सावध केलं. २०१९ ते २०२४ या काळात त्यांच्याकडे ३२ तक्रारी आल्या होत्या, त्यांत लैंगिक त्रासही होते आणि नैराश्यही. काही जणांना तर हे लावूनही असं होऊ शकतं हे सांगितलंच नव्हतं.

आणि जाहिराती? औषध नियमांच्या शेड्यूल जेमध्ये अशा आजारांची यादी आहे जे बरे करण्याचा दावा कुठल्याही औषधाने करायचा नाही. त्यात कर्करोग आहे, मोतीबिंदू आहे आणि टक्कलही आहे. हे वाचून मग एकदा तुमचं इन्स्टाग्राम उघडा.

गोळी सुरू करायची असेल तर

त्वचारोगतज्ज्ञांना प्रत्यक्ष भेटा. ते आधी हे पुरुषी टक्कलच आहे ना ते बघतील, कारण थायरॉईड, डेंग्यू-टायफॉईडनंतरची गळती, क्रॅश डाएट यांत ही गोळी घेऊन उपयोग नाही. तुम्हाला किंवा घरात कोणाला नैराश्य असेल तर त्यांनी विचारण्याची वाट न बघता सांगा. लग्न ठरलंय, मूल हवंय, तेही सांगा. घरात गरोदर बाई असेल तर फुटलेली किंवा चुरलेली गोळी तिच्या हाताला लागू देऊ नका. डॉमिनिकन मुलांची गोष्ट आठवा, पोटात मुलगा असेल तर धोका तोच आहे. रक्तदान करताना गोळी घेताय हे सांगायचं, अमेरिकेत तर शेवटच्या गोळीनंतर महिनाभर रक्त घेतच नाहीत. चाळिशी-पन्नाशीतल्या वाचकांसाठी: ही गोळी पीएसए या प्रोस्टेटच्या तपासणीचा आकडा साधारण निम्मा करते. लॅबच्या रिपोर्टवर सगळं नॉर्मल दिसेल आणि ते तसं नसेलही.

घरातल्या किंवा रूमवरच्या एका माणसाला सांगून ठेवा की मी हे घेतोय. उदास झालेल्या माणसाला आपण बदललोय हे स्वतःला उशिरा कळतं. तसले विचार आले तर गोळी बंद करून डॉक्टरांना गाठा, आणि टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास, मराठीतही चालतो. औषधाचा त्रास झाला असं वाटलं तर १८००-१८०-३०२४ या सरकारी नंबरवर नोंदवता येतो. आपल्याकडे ते फार कमी लोक करतात.

भावाचं काय झालं? त्याला झोप लागत नव्हती, चिडचिड होत होती, शनिवार-रविवार खोलीतून बाहेर पडत नव्हता. बाकीचं तो मला सांगणार नाही आणि मी विचारलंही नाही. हे गोळीमुळे होतं की चार महिने बेंचवर बसवून ठेवलेल्या कंपनीमुळे, कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. औंधच्या ज्या डॉक्टरांकडे तो गेला त्यांनीही सांगितलं नाही. त्यांनी पंचवीस मिनिटं ऐकलं, गोळी थांबवली, मिनॉक्सिडिल चालू ठेवलं, मानसोपचारतज्ज्ञांचं नाव दिलं आणि तीन महिन्यांनी परत बोलावलं. आता बरा आहे. कपाळ अजून तेवढंच आहे.

किट मात्र दर महिन्याला येतंय. सबस्क्रिप्शन बंद करायचं बटण त्याला अजून सापडलेलं नाही.